फ्रस्ट्रेटेड चुंबकातले प्रावस्था-संक्रमण क्वांटम अ‍ॅनिलरवर कसे अभ्यासायचे

क्वांटम अ‍ॅनिलर, म्हणजे स्पिनसारखे वागणारे क्यूबिट हळूहळू कमी ऊर्जेच्या अवस्थेकडे नेणारे यंत्र, म्हटले की बहुतेकांना वेळापत्रके, मार्ग-नियोजन, गुंतवणुकीची वाटणी असे 'सर्वांत चांगले उत्तर शोधा' छापाचे प्रश्न आठवतात. फ्रस्ट्रेटेड चुंबकांच्या, म्हणजे ज्यांत सगळ्या जोडण्या एकाच वेळी समाधानी होऊ शकत नाहीत अशा चुंबकांच्या, अभ्यासात यंत्राची ही ओळख आडवीच येते. कमीत कमी ऊर्जेचे एक उत्तर मिळून इथे भागत नाही. ठरावीक तापमानाला, ठरावीक क्षेत्रात स्पिन कसे वागतात याचे भरपूर आणि खात्रीचे नमुने हवे असतात. त्यामुळे चिपला प्रयोगशाळेतल्या स्फटिकासारखेच वागवावे लागते. तिची अशुद्धता मोजायची, तापमान तपासायचे, मापनाने काय बिघडते ते ओळखायचे आणि मगच आलेखाकडे वळायचे. प्रोग्राम लिहिण्याचे काम एका दुपारचे आहे. खरा वेळ बाकीच्या गोष्टी खातात, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

सांख्यिकीय भौतिकीची पदव्युत्तर पातळीची ओळख आणि पायथनचा सराव गृहीत धरला आहे. उदाहरण डी-वेव्हच्या यंत्रांचे आहे, कारण या विषयातले बहुतेक प्रकाशित काम त्यांच्यावरच झाले आहे आणि ती क्लाउडवरून वापरता येतात.

पायरी १: प्रश्न यंत्राला झेपणारा आहे का?

या यंत्रांत एकच प्रतिमान थेट बसते: आडव्या क्षेत्रातले आयझिंग. प्रत्येक स्पिन वर किंवा खाली, शेजाऱ्यांशी तुमच्या मर्जीनुसार लोहचुंबकीय किंवा प्रतिलोहचुंबकीय जोडणी, आणि वर-खालीच्या दिशेला काटकोनात असलेले एक आडवे क्षेत्र, जे स्पिनला दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात ढकलते. हायझेनबर्ग प्रतिमान यात बसत नाही. कागोमे जाळीवरच्या हायझेनबर्ग स्पिन-द्रवाचा अभ्यास करायचा असेल तर हे यंत्र तुमच्या कामाचे नाही. ओढूनताणून बसवायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. आडव्या क्षेत्रातल्या आयझिंग प्रतिमानात फ्रस्ट्रेशन कितीही असले तरी क्वांटम मॉन्टे कार्लोला (साध्या संगणकावर यादृच्छिक नमुने घेऊन क्वांटम व्यवस्था सोडवण्याच्या पद्धतीला) चिन्हाची अडचण येत नाही, म्हणजे अधिक-वजा वजने एकमेकांना खोडत नाहीत. म्हणजे समतोलातले बरेचसे भौतिक चांगल्या संगणकावरही काढता येते. मग अ‍ॅनिलर कशाला? एक तर फ्रस्ट्रेटेड जाळीवर मॉन्टे कार्लो फार हळू समतोलाला पोहोचतो. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या कामात नेमक्या याच वेगाची तुलना केली होती. दुसरे म्हणजे समतोलाबाहेरची हालचाल: क्षेत्र झपाट्याने बदलले तर चुंबक कसा मागे पडतो, हे मोठ्या जाळीसाठी संगणकाला फार जड जाते. तुमचा प्रश्न या दोन्हींत कुठे बसतो ते आधी वहीत लिहून ठेवा.

प्रत्यक्ष पदार्थाशी नाते हवे असेल तर थुलियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइड पाहा. त्याच्या त्रिकोणी जाळीत थुलियमच्या आयनाच्या सर्वांत खालच्या दोन पातळ्यांमध्ये जी थोडी फट असते, तीच आडव्या क्षेत्राचे काम करते. या पदार्थातल्या कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमणावर (भोवऱ्यांच्या जोड्या सुटून होणाऱ्या संक्रमणावर) २०२० पासून काम प्रसिद्ध झाले आहे.

पायरी २: एका त्रिकोणापासून सुरुवात

तीन स्पिन, तिन्ही बाजू प्रतिलोहचुंबकीय. आठ अवस्थांपैकी सहा अवस्थांत एकच बाजू असमाधानी राहते आणि ऊर्जा वजा जे असते (जे म्हणजे जोडणीची ताकद). उरलेल्या दोन अवस्थांत, म्हणजे तिन्ही वर किंवा तिन्ही खाली असताना, ऊर्जा अधिक तीन जे. फ्रस्ट्रेशनचा सगळा खेळ या सहा समान अवस्थांत आहे. अनंत त्रिकोणी जाळीवर त्यांची संख्या इतकी फुगते की शून्य तापमानालाही दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट एन्ट्रॉपी शिल्लक राहते. हे वान्ये यांनी १९५० मध्येच दाखवले होते.

हाच त्रिकोण यंत्राची पहिली परीक्षा म्हणून वापरा. पेगॅसस किंवा झेफिर मांडणीच्या चिपवर तीन परस्पर जोडलेले क्यूबिट थेट सापडतात (जुन्या कायमेरा मांडणीत त्रिकोणच नव्हता). तीन जोडण्या समान ठेवा, स्थानिक क्षेत्रे शून्य आणि ६,००० वाचने घ्या. सहाही अवस्था सममितीने समान आहेत, म्हणून प्रत्येक सुमारे १,००० वेळा यायला हवी. सांख्यिकीय चढउतार २९ च्या आसपास. एखादी अवस्था १,३०० वेळा आणि तिची उलटी ७०० वेळा आली तर ते भौतिक नव्हे, त्या क्यूबिटमधला कल आहे. सहा स्तंभांचा हा आलेख पाहूनच पुढे किती साफसफाई करावी लागणार याचा अंदाज येतो.

ऑटो स्केल मात्र बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर तुमच्या जोडण्या गुपचूप ताणून कमाल मर्यादेला नेल्या जातात आणि तुम्ही ठरवलेले तापमान-गुणोत्तर हातचे जाते.

पायरी ३: दोन खुंट्या आणि एक स्थिर तापमान

चिप १२ ते १५ मिलिकेल्विनच्या आसपास असते आणि ते तापमान तुम्हाला बदलता येत नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अ‍ॅनिलिंगचा मापक एस, ० ते १. दुसरी, जोडणीचा आकडा जे. प्रत्येक चिपसाठी कंपनी दोन वक्र देते: ए वक्र आडव्या क्षेत्राचा, बी वक्र जोडण्यांच्या ऊर्जेचा, दोन्ही गिगाहर्ट्झमध्ये. प्रत्यक्ष क्षेत्र ए च्या निम्मे असते, प्रत्यक्ष जोडणी बी गुणिले जे च्या निम्मी.

समजा एखाद्या एस ला ए १ गिगाहर्ट्झ आहे आणि बी ४ गिगाहर्ट्झ. १२ मिलिकेल्विन म्हणजे ०.२५ गिगाहर्ट्झ. जे १ ठेवला तर क्षेत्र ०.५, जोडणी २. म्हणून गॅमा/जे (प्रत्यक्ष आडवे क्षेत्र भागिले प्रत्यक्ष जोडणी) हे गुणोत्तर ०.२५ आणि तापमान/जे ०.१२५. आता जे अर्धा करा. गॅमा/जे ०.५ झाला, तापमान/जे ०.२५ झाले. दोन्ही एकदम दुप्पट! म्हणजे नुसता जे बदलून तुम्ही प्रावस्था-आकृतीवर आरंभबिंदूतून निघणाऱ्या तिरक्या रेषेवर सरकता. तापमान बदलून क्षेत्र तेच ठेवायचे असेल तर एस आणि जे दोन्ही हलवावे लागतात. 'तापमानाचा आलेख' म्हणून दिलेली कितीतरी चित्रे प्रत्यक्षात या तिरक्या रेषेवरची असतात. तुमच्या आलेखात आडव्या अक्षावर नक्की काय आहे ते स्पष्ट लिहा.

पायरी ४: जाळी चिपवर बसवणे

२०१८ मध्ये नेचरमध्ये आलेल्या १,८०० क्यूबिटच्या प्रसिद्ध प्रयोगात चार-चार क्यूबिटांचे लोहचुंबकीय गट वापरले होते. प्रत्येक गट आकसून एक स्पिन मानला की त्रिकोणी जाळी उरते. नव्या चिपवर जोडण्या जास्त आहेत. पेगॅससमध्ये प्रत्येक क्यूबिटला १५, झेफिरमध्ये २०, तर कायमेरात फक्त ६ होत्या. म्हणून नव्या चिपवर साखळ्या, म्हणजे एका स्पिनचे काम करणारे क्यूबिटांचे असे गट, लहान ठेवता येतात. मायनर-मायनरसारख्या, जाळी चिपवर आपोआप बसवणाऱ्या साधनाला मोकळे सोडले तर ते कुठे दोन, कुठे पाच क्यूबिटांच्या साखळ्या बनवेल. वेळापत्रक सोडवताना ते चालते. इथे ते नमुन्याचा घात करते. याचे कारण पुढच्या आकड्यांत दिसते.

दोन क्यूबिटांची साखळी घ्या, आतली जोडणी २ आणि क्षेत्र ०.५. जोडगोळी एक स्पिन म्हणून वागते तेव्हा तिला जाणवणारे क्षेत्र ०.५ नसते, सुमारे ०.११८ असते, कारण दोन्ही क्यूबिट एकत्र उलटावे लागतात. क्षेत्र दुप्पट करून १ केले तर ते ०.४१४ होते, म्हणजे साडेतीन पट. साखळीची लांबी वाढेल तसा हा परिणाम आणखी तीव्र होतो. एका जाळीत वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या म्हणजे प्रत्येक स्पिनला वेगळे आडवे क्षेत्र. म्हणून एकसारखी, पुनरावर्ती मांडणी हाताने शोधा आणि ती फिक्स्ड एम्बेडिंगने (ठरवून दिलेली मांडणीच वापरणाऱ्या साधनाने) बांधून टाका. बंद पडलेले क्यूबिट टाळण्यासाठी जाळी थोडी सरकवावी लागते. सलग निरोगी भाग शोधणारा छोटा प्रोग्राम लिहून ठेवला की सगळे सोपे होते.

साखळीच्या आत विस्तारित मर्यादेतली वजा २ पर्यंतची जोडणी वापरता येते. प्रतिलोहचुंबकीय बाजूला कमाल अधिक १.

जाळी नळकांड्यासारखी गुंडाळा: एका दिशेने बंद, दुसऱ्या दिशेने उघडी. दोन नियम पाळा. घेराची संख्या ३ ने भागली जायलाच हवी, नाहीतर तीन उपजाळ्यांची (आपापसांत शेजारी नसलेल्या स्पिनांच्या तीन गटांची) रचना शिवणीवर तुटते आणि तुम्ही स्वतःच बनवलेला दोष मोजत बसता. आणि उघड्या कडेच्या जोडण्या अर्ध्या ठेवा. आतली प्रत्येक जोडणी दोन त्रिकोणांत वाटलेली असते, कडेची एकाच त्रिकोणात. अर्धी केली की सगळे त्रिकोण समान वजनाचे होतात.

पायरी ५: शिमिंग

शिमिंग म्हणजे चिपच्या बारीक त्रुटी मोजून, आकडे किंचित बदलून त्या काढणे. खरी मेहनत इथे आहे. दोन त्रुटी काढायच्या असतात: क्यूबिटांचा कल आणि जोडण्यांतली असमानता.

स्थानिक क्षेत्रे शून्य असतील तर प्रत्येक क्यूबिटचे सरासरी चुंबकन शून्य यायला हवे. ते तसे येत नाही. दर फेरीनंतर प्रत्येक क्यूबिटचे सरासरी चुंबकन मोजा आणि त्याच्या फ्लक्स बायसमधून (क्यूबिटला एका बाजूला ढकलणाऱ्या दुरुस्तीच्या आकड्यातून) त्या चुंबकनाचा छोटासा अंश वजा करा. पाऊल फार मोठे घेतले तर चुंबकन शून्याभोवती उड्या मारत राहते; फार लहान घेतले तर कधी स्थिरावेल याचा भरवसा नाही. फेरीनुसार फ्लक्स बायसचा आलेख काढत जा. तो पसरून मग सपाट होऊ लागला की पाऊल आणखी लहान करा.

जोडण्यांसाठी सममिती कामाला येते. नळकांड्यावर घेराच्या दिशेने फिरवल्यास ज्या जोडण्या एकमेकींच्या जागी येतात, त्यांची सांख्यिकी समान असायला हवी. अशा जोडण्यांचे गट करा. प्रत्येक जोडणी किती वेळा असमाधानी राहते ते मोजा; त्रिकोणी जाळीच्या आतल्या भागात कमी तापमानाला हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास असते. गटाच्या सरासरीपेक्षा जी जोडणी जास्त वेळा असमाधानी असते ती प्रत्यक्षात कमजोर आहे. तिचा आकडा किंचित वाढवा. उलट असेल तर कमी करा. दर फेरीला गटाची सरासरी पुन्हा मूळ जे वर आणा, नाहीतर सगळी जाळीच हळूहळू सरकत जाते.

काही जण शिमिंगऐवजी फक्त गेज बदलांवर, म्हणजे निवडक स्पिनांची वर-खालीची व्याख्या उलटवून घेतलेल्या सरासरीवर, विसंबून राहतात. तेवढ्याने कल सरासरीत लपतो, जात नाही. फ्रस्ट्रेटेड चुंबकात समान ऊर्जेच्या अवस्था इतक्या असतात की छोटासा कलही त्यांतल्या काहींना निवडून काढतो. माझ्या मते शिमिंग न केलेला फ्रस्ट्रेटेड जाळीचा विदा प्रसिद्ध करण्याजोगा नसतो.

शिम प्रत्येक एस आणि जे साठी वेगळा लागतो. शेजारच्या बिंदूचा शिम सुरुवात म्हणून घेतला की काम भरभर उरकते. चिप काळाबरोबर सरकते, म्हणून मापनाच्या फेऱ्या चालू असतानाही फ्लक्सची दुरुस्ती अगदी लहान पावलांनी सुरू ठेवा.

पायरी ६: नमुने घेणे

सरळ अ‍ॅनिल केले, एस ० वरून १ वर नेला, तर व्यवस्था वाटेत कुठेतरी गोठते आणि कोणत्या गॅमाचा नमुना मिळाला ते धड सांगता येत नाही. त्यापेक्षा उलटे अ‍ॅनिलिंग घ्या: एस १ वर एका ज्ञात अवस्थेपासून सुरुवात, तिथून हव्या त्या एस वर मागे या, थांबा, आणि मग शक्य तितक्या झपाट्याने १ वर जाऊन वाचन. पुढचे वाचन मागच्याच अवस्थेपासून सुरू करायचे, यासाठी री-इनिशियलाइझ स्टेट बंद ठेवतात. वाचनांची अशी साखळी म्हणजे यंत्राने चालवलेला एक प्रकारचा मॉन्टे कार्लोच.

समतोल आला हे कसे ओळखायचे? वाचनांच्या दोन साखळ्या चालवा, एक पूर्ण सुव्यवस्थित अवस्थेपासून, दुसरी यादृच्छिक अवस्थेपासून. सुव्यवस्थित साखळीतला क्रम-प्राचल (किती क्रम आहे ते सांगणारी राशी, पाहा पायरी ७) वरून खाली येतो, यादृच्छिक साखळीतला खालून वर. दोन्ही वक्र जिथे भेटून एक होतात, तिथून पुढचेच नमुने ठेवा. भेटलेच नाहीत तर थांबण्याचा काळ वाढवा, नाहीतर तो बिंदू आलेखातून वगळा. दोन टोकांच्या मधली सरासरी घेऊन तो बिंदू ठोकून द्यायचा मोह आवरा.

शेवटच्या झपाट्याच्या टप्प्यातही एकेकटे स्पिन स्थिरावतात. दूरवरची रचना त्यात टिकते, पण जवळच्या शेजाऱ्यांची सहसंबद्धता आणि ऊर्जा बिघडते. म्हणून संक्रमणाचा निर्णय दूरपल्ल्याच्या राशींवरून करा. ऊर्जेच्या आलेखावर फार भरवसा ठेवू नका. क्यूबिटांची साखळी तुटलेली असेल, म्हणजे तिच्यातले क्यूबिट एकमेकांशी जुळत नसतील, तर बहुमताने स्पिन ठरवता येतो, पण तुटण्याचे प्रमाण प्रत्येक बिंदूला नोंदवा. ते वाढू लागले की गट एक स्पिन राहिलेला नाही.

पायरी ७: क्रम-प्राचलाचे चित्र

त्रिकोणी जाळीच्या तीन उपजाळ्यांचे सरासरी चुंबकन घ्या. त्यांना ०, १२० आणि २४० अंशांच्या दिशा देऊन बेरीज करा. प्रत्येक नमुन्यामागे सपाट पृष्ठावर एक बिंदू मिळतो. हजारो नमुन्यांचे बिंदू एकत्र टाकले की संपूर्ण प्रावस्था-आकृती डोळ्यांनी वाचता येते.

जास्त तापमान किंवा जास्त क्षेत्र असेल तर मध्यभागी एक गोल डाग दिसतो, म्हणजे अव्यवस्था. थोडे खाली आलात की डाग पोकळ होऊन कडे बनते. मूळ प्रतिमानात स्पिन फक्त वर किंवा खाली आहे, तरीही क्रमाची दिशा कुठल्याही कोनात फिरू शकते. हा कोस्टरलिट्झ-थाउलेस भाग. थाउलेस आणि कोस्टरलिट्झ यांना हॉल्डेन यांच्यासह २०१६ चे नोबेल मिळाले. आणखी खाली, कड्यावर सहा गाठी उमटतात: घड्याळ-क्रम. गाठी ३०, ९०, १५० अशा कोनांवर असतील तर एक उपजाळी वर, एक खाली आणि तिसरी आडव्या क्षेत्रात मिश्र अवस्थेत, अशी रचना आहे. ०, ६०, १२० वर असतील तर दोन वर आणि एक खाली, किंवा त्याच्या उलट.

ही मिश्र उपजाळीच सगळ्याचे मूळ आहे. जिचे सहापैकी तीन शेजारी वर आणि तीन खाली आहेत, तिला शेजाऱ्यांकडून काहीच ओढ नसते, म्हणून ती आडव्या क्षेत्रातून फुकट ऊर्जा कमावते. अशा मोकळ्या स्पिनांची संख्या जास्त असलेल्या रचना जिंकतात. अभिजात प्रतिमानात शून्य तापमानालाही क्रम नसतो. क्षेत्राची खळबळच इथे क्रम निर्माण करते.

कड्याऐवजी एकाच बाजूला डाग सरकलेला दिसला तर पायरी ५ कडे परत जा.

पायरी ८: संक्रमण नेमके कुठे?

दुसऱ्या प्रकारच्या साध्या संक्रमणात वेगवेगळ्या आकारांच्या जाळ्यांचे बाइंडर वक्र (क्रम-प्राचलाच्या चौथ्या आणि दुसऱ्या घातांच्या सरासरींच्या गुणोत्तराचे वक्र) एका बिंदूत छेदतात. कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमणात तसा स्वच्छ छेद मिळत नाही, वक्र एकमेकांना चिकटतात. इथे घातांक वापरा. क्रम-प्राचलाच्या वर्गाची सरासरी जाळीच्या बाजूच्या वजा ईटा घाताने घटते. सहा गाठींच्या प्रतिमानात वरच्या सीमेला ईटा १/४ आणि खालच्या सीमेला १/९ असतो. बाजू ६ वरून १२ केली की वरच्या सीमेवर सरासरी ०.८४ पट व्हायला हवी, खालच्या सीमेवर ०.९३ पट. अव्यवस्थेत ती ०.२५ पटीपर्यंत कोसळते. ०.८४ आणि ०.९३ मधला फरक बारीक आहे. त्रुटीपट्टी दोन टक्क्यांची असेल तर सीमा अस्पष्टच राहणार. किमान तीन आकार घ्या आणि सर्व आकारांत लांबी-रुंदीचे प्रमाण एकच ठेवा.

जाळी वेगळी असेल तर संक्रमणाचा स्वभावही वेगळा असतो. शास्त्री आणि सदरलँड यांच्या १९८१ च्या प्रतिमानाच्या आयझिंग रूपात बाहेरचे उभे क्षेत्र वाढवत नेल्यास चुंबकन पायऱ्यांनी चढते. तिथे क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना वेगळे वक्र येतात का, आणि क्रम-प्राचलाच्या वितरणाला दोन शिखरे आहेत का, हे पाहणे जास्त उपयोगी. त्रिमितीय घन जाळीवरच्या स्पिन-ग्लासचे काम २०१८ मध्येच सायन्समध्ये ८×८×८ पर्यंतच्या जाळीवर झाले आहे, पण तो वेगळा विषय आहे.

पायरी ९: पडताळणी

बारा-चौदा स्पिनांची जाळी अचूक कर्णीकरणाने, म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या संगणकावर थेट काढून, सोडवा. मध्यम आकारांसाठी क्वांटम मॉन्टे कार्लो चालवा, आणि त्यात साखळ्यांसकट प्रत्यक्ष क्यूबिटांचे प्रतिमान घाला. आदर्श त्रिकोणी जाळीशी थेट तुलना केली तर साखळीचा परिणाम आणि यंत्राची त्रुटी यांची गल्लत होते. मॉन्टे कार्लोच्या नमुन्यांवरही शेवटी छोटी स्थानिक घसरण (एकेक स्पिन ऊर्जा कमी होईल तसा उलटवणे) लावा, म्हणजे झपाट्याच्या टप्प्याची नक्कल होते. तापमानाचा आकडा मॉन्टे कार्लोशी जुळवून काढाल तर तो एकाच बिंदूवर जुळवा आणि बाकी सर्व बिंदूंना तोच लावा. प्रत्येक बिंदूला वेगळे तापमान जुळवले तर काहीही जुळते.

एक सापळा: सर्वांत खालच्या ऊर्जेच्या किती अवस्था आहेत ते नमुने मोजून काढू नका. आडवे क्षेत्र समान ऊर्जेच्या अवस्थांना समान संधी देत नाही, त्यामुळे वान्ये यांचा ०.३२३ हा आकडा या मार्गाने मिळणार नाही.

समतोलाबाहेर जायचे असेल तर

वर सांगितलेले सगळे जमले की जलद अ‍ॅनिलिंगकडे वळा, ज्यात पूर्ण अ‍ॅनिल काही नॅनोसेकंदांत उरकते आणि बाहेरच्या उष्णतेला हात घालायला वेळच मिळत नाही. सराव म्हणून फ्रस्ट्रेशन नसलेली एकमितीय साखळी घ्या. तिचे उत्तर अचूक माहीत आहे: दोषांची (असमाधानी जोडण्यांची) घनता अ‍ॅनिल-काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे काळ चौपट केला की दोष निम्मे. लॉग-लॉग आलेखावर उतार वजा अर्धा येईपर्यंत त्रिकोणी जाळीला हात लावू नका. उतार आधी बरोबर असून लांब काळांना वाकू लागला, तर उष्णता आत शिरते आहे, आणि तो काळ हीच तुमच्या चिपवरच्या सुसंगत (बाहेरच्या उष्णतेने क्वांटम स्थिती न बिघडलेल्या) प्रयोगाची वरची मर्यादा.